थिनर इथलं, वारा लांबचा

आमच्या लॅबमध्ये हवेचा नमुना तपासून झाला की डबा धुतात. म्हणजे आतली हवा पंपाने ओढून काढतात आणि डबा परत कामाला लावतात. डोक्यासाठी असा पंप मिळत नाही, त्यामुळे चाकण-कुरुळीच्या फेऱ्यांत ऐकलेलं सगळं माझ्या डोक्यात तसंच साठून आहे. मित्रमैत्रिणी भेटले की म्हणतात, केतकी, तुझ्या ऑफिसचा एखादा किस्सा सांग ना, मजा येते! सांगते. मजा तुम्हाला येते. मला अजून एकदाही आलेली नाही.

आधी काम समजून घ्या. चिंचवडला एक खाजगी लॅब आहे, तिथे मी केमिस्ट. कंपन्यांच्या आसपासच्या हवेत हायड्रोकार्बन किती आहेत ते मोजायचं. शब्दाला घाबरू नका. पेट्रोल पंपावर येतो तो वास, स्वयंपाकाचा गॅस, रंगात घालतात ते थिनर, ही सगळी एकाच कुळातली मंडळी. आमच्याकडे स्टीलचे घागरीएवढे डबे असतात, आत हवासुद्धा नसलेले. जागेवर नेऊन कॉक उघडला की बाहेरची हवा सूं करून आत जाते. कॉक बंद करायचा, लेबल लावायचं, डबा गाडीत ठेवायचा. गाडी चालवायला बालाजीभाऊ, मूळचे लातूरकडचे. बस्स, एवढंच काम. पण माणसं बघा काय काय करतात.

*

एकदा मोशीच्या अलीकडे हवालदारांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. मागे डबे बघून विचारलं, यात काय आहे? बालाजीभाऊ म्हणाले, हवा. कुठली? कुरुळीची. आणि जाताना काय होतं यात? बालाजीभाऊंनी खरं ते सांगितलं. जाताना काहीच नव्हतं.

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी ओळखपत्र दाखवलं, एम.एस्सी. झाल्याचं सांगितलं, निर्वात म्हणजे काय तेही थोडक्यात सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मॅडम, रिकामे डबे घेऊन गेलात, रिकामेच घेऊन आलात, आणि याचा पगार मिळतो?"

बालाजीभाऊ पार भोसरीपर्यंत हसत होते. मला हसू आलं नाही. या पट्ट्यातल्या बहुतेक मॅनेजरांचं मत नेमकं हेच असतं, फक्त ते इतकं सरळ बोलत नाहीत. हवा म्हणजे रिकामी जागा. तिच्यात काहीही सोडा, कोण बघतंय.

*

पाठक सर आमच्या लॅबचे मालक. माणूस वाईट नाही. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

महिन्याचं शेड्यूल तेच लावतात. चाकणच्या बाजूचे नमुने ते कायम गुरुवारी ठेवायचे. आता इथल्या माणसाला सांगायला नको, गुरुवारी आपल्याकडे औद्योगिक सुट्टी. बहुतेक शेड बंद, चहाच्या टपऱ्यासुद्धा अर्ध्या बंद. मी नवीन होते, मला वाटलं सरांच्या लक्षात आलं नसेल. सर, गुरुवारीच का, असं विचारलं. ते म्हणाले, गुरुवारी ट्रॅफिक नसतं, गाडी लवकर परत येते.

"सर, गुरुवारी कंपन्याही चालू नसतात."

"मग चांगलंच आहे ना. कुणाच्या कामात आपला अडथळा नको."

ते गंमत करत नव्हते हो! वर्गात कुणी नसताना जाऊन बघायचं आणि शेरा मारायचा, शिस्त उत्तम. याला आमच्याकडे मॉनिटरिंग म्हणतात.

*

आता कुरुळीकडे येते, कारण माझा खरा राग तिथला आहे.

कुरुळीत एक कंपनी गाड्यांचे बंपर रंगवते. नाव सांगत नाही. तिच्या पूर्वेच्या भिंतीला लागून एका खोलीत अंगणवाडी होती. मंगलताई तिथल्या सेविका, कुरुळीच्याच जुन्या घरातल्या. मुलं बहुतेक कामगारांची, बीड-नांदेडकडून आलेल्यांची. पावसाळा लागला आणि रंग फवारायच्या बूथमधली हवा बाहेर फेकणारा पंखा सुरू झाला की खोलीत थिनरचा वास कोंदायचा. मुलं डोकं धरून बसायची. रोज एखादं तरी ओकायचं.

मंगलताईंची मागणी फार मोठी नव्हती. पंख्याच्या तोंडाशी थिनरची वाफ धरायला कोळशाचा फिल्टर असतो. तो एकदा भरला की काही धरत नाही, बदलावा लागतो. तो बदला, एवढंच. कंपनी बंद करा असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. कंपनी बंद झाली तर अंगणवाडीत मुलं कुठून येणार, हे त्यांना कळत होतं.

कंपनीची हवा आम्ही वर्षातून एकदा तपासायचो, ऑगस्टमध्ये, मेन गेटपाशी. जागा आणि महिना दोन्ही सबनीस साहेबांनी ठरवलेलं. सबनीस साहेब म्हणजे तिथले प्लांट मॅनेजर. आता बघा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. मेन गेट पश्चिमेला. म्हणजे गेटवर समुद्राकडून आलेली, पावसाने धुतलेली हवा, आणि पंख्यातून निघालेली सगळी वाफ विरुद्ध बाजूला. विरुद्ध बाजूला काय होतं? अंगणवाडी.

मी सबनीस साहेबांना म्हटलं, या वेळी एक डबा पूर्वेला लावू या. त्यांनी मला प्रेमाने समजावलं.

"अहो, तिकडे चिखल आहे. रिपोर्टला फोटो जोडता ना तुम्ही? मग गेटपाशीच घ्या. मागे बाग येते."

*

मी डबा अंगणवाडीच्या दारात लावलाच. सरांना सांगून लावला. सर "बघ बुवा" म्हणाले, त्याचा अर्थ मी हो असा घेतला. थिनरमधलं टोल्युइन आणि झायलीन, दोन्ही भरपूर सापडलं.

मग मीटिंग झाली. कंपनीने एक सल्लागार बोलावले होते. त्यांनी पडद्यावर नकाशा लावला. अरबी समुद्रावरून लाल-निळ्या रेघा वळत वळत येऊन बरोबर कुरुळीवर टेकलेल्या. ते म्हणाले, या दिवसांत हवा आखाताच्या बाजूने येते, तिथे तेलाच्या विहिरी आहेत, त्यामुळे हायड्रोकार्बन येणं नैसर्गिक आहे. सबनीस साहेबांनी अशी मान हलवली, जणू आत्ताच विहीर बघून आलेत.

हायड्रोकार्बन लांबून येतात हे खोटं नाही. इथेनसारखे हलके वायू महिना-दोन महिने हवेत टिकतात, समुद्र ओलांडतात, हिमालय ओलांडतात. आपल्या नाकातल्या हवेत कुठल्यातरी अनोळखी देशाचा थोडासा धूर असतो. कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं. त्यासाठी तर मी हा विषय घेतला. पण झायलीन तसं नाही. दिवसाउजेडी ते काही तासांत मोडून जातं. आखातातून निघालेलं झायलीन मुंबईचा किनारासुद्धा बघत नाही. ते कुरुळीत सापडलं म्हणजे कुरुळीतच निघालं. हे मी उभं राहून, आवाज न चढवता सांगितलं.

सल्लागार हसले. "मॅडम, तुमचा अभ्यास चांगला आहे. पण तुम्ही वाऱ्याला कमी लेखताय."

त्यांच्याकडे थंडीचा नकाशा वेगळा होता, त्यात रेघा उत्तरेतल्या जळणाऱ्या शेतांवरून येत होत्या. उन्हाळ्याचा आणखी वेगळा, त्यात मुंबईच्या रिफायनऱ्या. ऋतू बदलला की आरोपी बदलतो. बाराही महिने जगातला कुठला ना कुठला मुलूख दोषी, फक्त भिंतीपलीकडचा पंखा तेवढा निर्दोष.

मीटिंगला मंगलताईही होत्या, मागच्या खुर्चीवर. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, आखातात खरंच इतका वास असतो का? मी म्हटलं, विहिरींजवळ असेल.

"मंग तिथली पोरं काय करत्यात?"

सल्लागारांना हा प्रश्न तीन नकाशांत सुचला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही नाही.

*

मंगलताईंची तक्रार गेल्यावर सरकारी ऑफिसातून एक अधिकारी आले. सोबत हातात धरायचं यंत्र. कंपनीत चहा झाला, बाग बघून झाली, मग अंगणवाडीत आले. यंत्र घेऊन खोलीभर फिरले. यंत्र एका कोपऱ्यात टुंई करून वाजलं. अधिकारी खाली वाकले. तिथे मुलांची खिचडी शिजवायची शेगडी होती आणि शेजारी सिलिंडर.

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, हायड्रोकार्बनच. शास्त्र चुकलं नव्हतं, हेच तर संतापजनक! अहवाल आला: कंपनीच्या परिसरातले हायड्रोकार्बन बाहेरून आलेले, स्थानिक स्रोत एकच आढळला, अंगणवाडीतला गॅस. तो तातडीने हलवावा.

हलवला. दुसऱ्याच दिवशी माणसं येऊन शेगडी उचलून घेऊन गेली. मंगलताई घरून खिचडी शिजवून डोक्यावर पातेलं घेऊन येऊ लागल्या.

मला कुणी विचारलं, तुमच्या कामाने प्रदूषणाचा एक तरी स्रोत बंद झाला का, तर मी छातीठोकपणे हो म्हणू शकते.

*

पण तक्रारी थांबेनात. कामगारच आता गेटवर विचारू लागले, आमच्या पोरांचं काय? तेव्हा कंपनीने मोठं मन केलं. पश्चिमेच्या भिंतीला लागून स्वतःच्या जागेत नवी अंगणवाडी बांधून दिली. भिंतीवर ससे, फुलपाखरं, निळे डोंगर. रंग अर्थात उत्तम दर्जाचा.

मी सरांना आधीच सांगितलं होतं. थंडीत वारा उलटतो, पूर्वेकडून येतो. नुसता उलटतो असं नाही, मंदही होतो. सकाळी गार हवा जमिनीलगत अडकून पडते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. ऊन कोवळं, त्यामुळे वाफ लवकर मोडतही नाही. म्हणजे पावसाळ्यात जे निदान पातळ होऊन यायचं, ते दिवाळीनंतर नव्या खोलीत घट्ट होऊन येणार. फिल्टर बदलला नाही तर मुलं आगीतून फुफाट्यात पडतील. सर म्हणाले, अगं, दिवाळीनंतरचं दिवाळीनंतर बघू, आत्ता चांगलं काम चाललंय त्यात मोडता घालू नकोस.

उद्घाटन भर पावसाळ्यात झालं. नारळ फुटला, फीत कापली. पाहुण्यांनी नव्या खोलीच्या दारात उभं राहून छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, वा, अगदी महाबळेश्वर! टाळ्या वाजल्या. सबनीस साहेबांचे डोळे खरंच पाणावले होते. हवेच्या दाखल्यावर माझी सही हवी होती, ती मी केली नाही. सरांनी स्वतः केली आणि परतताना आठवडाभर पुरेल इतकं रुसून गाडीत बसले.

चिंचवडला सर उतरून गेल्यावर बालाजीभाऊ गाडी वळवता वळवता म्हणाले, "फिल्टर बदलायचं सोडून यांनी अंगणवाडीच बदलली की हो मॅडम."

*

दिवाळी झाली. वारा फिरला.

सकाळी सकाळी मंगलताईंचा फोन. मी आणि बालाजीभाऊ पोचलो तेव्हा दोन मुलं पायरीवर ओकत बसली होती. तिसरं, सायली नावाची एक चिमुरडी, मंगलताईंच्या मांडीवर डोळे मिटून पडलेली. खोलीतल्या सशांवरून हात फिरवला तर बोटांना चिकट लागत होतं. दारात उभी राहिले तर माझंच डोकं गरगरायला लागलं, आणि मी हा वास पगार घेऊन हुंगणारी बाई!

मी तशीच गेटवर गेले. कंपनीने नुकताच तिथे हवेचा बोर्ड बसवला होता. त्यावर हिरवा हसरा चेहरा, खाली शब्द: 'हवा उत्तम'. मी सबनीस साहेबांना म्हटलं, हे यंत्र फक्त धूळ मोजतं, थिनर याला कळतच नाही. मुलं भिंतीपलीकडे आजारी पडतायत. आजच्या आज पंखा बंद करा, फिल्टर बदला.

ते म्हणाले, फटाक्यांमुळे होतंय, चार दिवसांत निवळेल. मी म्हटलं, फटाके संपून आठवडा झाला. मग म्हणाले, थंडीत लोक शेकोट्या करतात. मग म्हणाले, मुलांनी फराळ जास्त खाल्ला असेल. शेवटी बोर्डाकडे बोट दाखवून, अगदी दुखावल्या आवाजात म्हणाले,

"तुम्ही बोर्डावर तरी विश्वास ठेवा ना. तो तर हसतोय."

*

आणि आता हा एक किस्सा.

त्याच आठवड्यात मी चिमणीतल्या धुराचा वेगळा नमुना घ्यायला कंपनीत गेले होते. ऑफिसच्या जिन्यात दोन माणसं मोठं टेबल उतरवत होती. मागून एकाच्या डोक्यावर फिरती खुर्ची, एकाच्या हातात गणपतीची तसबीर. मला वाटलं, कुणाची बदली झाली. ऑफिसबॉयला विचारलं. तो म्हणाला, बदली नाही मॅडम, साहेबांची केबिन हलतेय. पावसाळ्यात साहेब इकडं पश्चिमेला बसतात, दिवाळी झाली की पूर्वेच्या कोपऱ्यातल्या केबिनमध्ये जातात. दरवर्षीचं आहे.

दरवर्षीचं! आखात, उत्तरेतली शेतं, फटाके, फराळ, सगळं मला ऐकवणारा माणूस वाऱ्याची दिशा माझ्याहून नेमकी ओळखत होता. आणि दरवर्षी दिवाळीनंतर आपली खुर्ची उचलून चालू लागत होता. मी जिन्यातूनच मंगलताईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त "बरं" म्हणाल्या.

पुढे बालदिन आला. त्या दिवशी कंपनी दरवर्षी अंगणवाडीच्या मुलांना आत बोलावते. कागदी टोप्या, चॉकलेट, हिरवळीवर मॅनेजरसोबत फोटो. आमच्या लॅबतर्फे रंगपेट्या वाटायच्या होत्या, म्हणून मीही होते. फोटो झाला. सबनीस साहेबांनी सायलीला कडेवर घेतलं, तोही फोटो झाला. मग मंगलताईंनी मुलांची रांग लावली. एकाने दुसऱ्याचा सदरा धरायचा, अशी. रांग निघाली, पण गेटकडे नाही. ऑफिसच्या जिन्याकडे.

सिक्युरिटीवाल्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे. त्यांनी हसून दार उघडून धरलं. फोटोग्राफर मागोमाग गेला. रांग जिना चढली, पॅसेजमधून पूर्वेच्या टोकाला गेली आणि कोपऱ्यातल्या केबिनमध्ये शिरली. सबनीस साहेब धापा टाकत पोचले तोवर मुलं गालिच्यावर मांडी घालून बसली होती, दोन सोफ्यावर होती, आणि सायली फिरत्या खुर्चीवर गोल गोल फिरत होती.

साहेब सुरुवातीला फार गोड बोलले. ताई, कार्यक्रम खाली होता. मंगलताई म्हणाल्या, कार्यक्रम झाला, आता अंगणवाडीची वेळ आहे. साहेब म्हणाले, मग अंगणवाडीत न्या, एवढी नवी खोली बांधून दिलीय. मंगलताई म्हणाल्या, तिथं वास येतो. साहेब म्हणाले, कसला वास, तिथे काही वास नाही.

"न्हाई ना? मंग तुमी बसा तिथं. आमी हितं बसतो. थंडीपुरतं."

साहेबांनी आमच्याकडे बघितलं, फोटोग्राफरकडे बघितलं, खुर्चीवर फिरणाऱ्या पोरीकडे बघितलं. आणि त्यांचा तोल गेला.

"अहो, या दिवसांत अख्ख्या प्लांटमध्ये धड श्वास घेता येतो अशी ही एवढी एकच जागा आहे!"

खुर्ची फिरायची थांबली. मंगलताई उठल्या, साहेबांच्या टेबलामागे गेल्या, पडदा सारला आणि खिडकी सताड उघडली.

"घ्या रं पोरांनो," त्या म्हणाल्या, "पोटभर घ्या."